ठोकळ्याचं कुंकू

हदगावच्या सटवाजीने पोलाद कापायचं सीएनसी मिलिंग मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लातूरच्या एमआयडीसीतले सगळे पत्रे थरथरले, असं तो सांगतो. मशीन एवढं थोरलं, की खिडकीतून आलेला उजेडसुद्धा त्याच्यासमोर चप्पल काढून उभा राहिला. सटवाजीने दोन्ही हात जोडले. मशीनने "फुस्स" असा सुस्कारा टाकला. सटवाजी म्हणाला, "रामराम." त्यासरशी शेडवरची कबुतरं उडाली, ती थेट जळकोटला जाऊन बसली.

शेड रेणुकादासकाकांची. काका बँकेतून निवृत्त झाले आणि लोक देवदर्शनाला निघतात त्या उत्साहाने त्यांनी मशीन घेतलं. त्यांच्या पत्नी उमादेवीकाकू. काकू देवाला भीत नसत. देवच त्यांच्या वेळा सांभाळून असे.

सटवाजीचं काम नाजूक होतं. मशीन ताकदीने हत्ती, पण आंधळं. त्यात लहानमोठी कटरं बसवायची, प्रत्येकाची लांबी निराळी, आणि ती मशीनला कुणीतरी सांगावी लागते. त्यासाठी मशीनच्या टेबलावर एक पोलादी ठोकळा ठेवायचा, कटर हळूहळू खाली आणून त्याच्या माथ्याला अलगद टेकवायचं आणि आलेला आकडा मशीनला द्यायचा. त्याला ऑफसेट म्हणतात. आकडा चुकला तर मशीन हवा तरी कापतं, नाहीतर टेबल तरी. कटर टेकवताना सटवाजी श्वास रोखी आणि काकांनाही रोखायला लावी. पुढेपुढे तो माणसांनाही ऑफसेट लावू लागला. मेव्हणा फोनवर "निघालोच" म्हणाला, की हा त्यात त्याची आंघोळ मिळवी.

काकांनी त्याला शब्द दिला होता. नांदेडच्या तेलगिरणीच्या पंपाच्या प्लेटा पास झाल्या, की सटवाजी पर्मनंट. इकडे सटवाजीने हदगावात आधीच पेढे वाटून टाकले होते. आता प्लेटांनी फक्त पास व्हायचं होतं.

आणि खंडेनवमी आली.

काकूंनी शस्त्रपूजा मनावर घेतली. सगळी कटरं होल्डरमधून काढायला लावली, चौरंगावर मांडली, आणि कुंकू तेलात कालवून शेडमधल्या प्रत्येक वस्तूला लावलं. पाने-पकडी, पंखा, मीटर, आग विझवायचं नळकांडं, काकांची स्कूटर. ठोकळ्यांना तर माथाभर लेप. आरती होते न होते तोच नांदेडहून फोन: गिरणीच्या विनीता मॅडम उद्याच प्लेटा तपासायला येणार.

कटरं काढली म्हणजे जुन्या लांब्या गेल्या. आणि प्लेटा तर अजून कापायच्याच होत्या. सगळी पुन्हा मोजणं आलं. सटवाजीने ठोकळा उचलला.

"काकू, ह्याचं कुंकू पुसू का जरासं?"

काकूंच्या हातातलं तबक जागच्या जागी थांबलं. "काय पुसू म्हणालास?"

"कुंकू. आवं, त्याच्यावर कटर टेकवायचंय."

"भरल्या सणाला कुंकू पुसतोस? ह्या मशीनचा धनी कोण रे?"

"काका."

"मग?"

दोघांनी काकांकडे पाहिलं. काका पेढा खात होते. तो गालातच थबकला. त्यांनी छातीवर हात ठेवून आतला आवाज नीट चालू आहे ना, ते पाहिलं.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," ते म्हणाले. "पण सटवाजी, तू पुसू नको."

सटवाजीने डोकं चालवलं. ठोकळा उलटा केला. वरची बाजू लख्ख! तो आनंदाने हसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की कुंकू आता खालून ठोकळ्याला तेवढंच उचलून धरतंय.

"न्हाई जमत," म्हणून त्याने ठोकळा सुलटा केला. कुंकवाची जाडी मोजली. अर्धा मिलीमीटर. प्रत्येक आकड्यातून अर्धा वजा करायचा, झालं! पहिलं कटर टेकलं आणि नव्या नवरीसारखं कपाळ माखून वर गेलं. दुसरं टेकलं. तिसरं टेकलं. दर टेकणीला कुंकू दबत गेलं, पण सटवाजीचा अर्धा काही दबेना. शेवटी ठोकळा नुसता गुलाबी उरला.

तेवढ्यात काकू आल्या. "अगं बाई, उतरलं की! थांब, लावते."

"काकू, पातळ! पातळ!"

"सणाला पातळ नेसू होय? पैठणी नेसलेय ती दिसत नाही?" असं म्हणत काकूंनी पहिल्याहून दुप्पट लेप दिला.

"अरे, काय चाललंय?" काकांनी लांबूनच विचारलं.

"कुंकू वजा करून राहिलो, काका."

"वजा म्हणू नको रे!" काका घाईघाईने स्कूटरला टेकले.

रात्रभर मशीनने प्लेटा कापल्या. दुसऱ्या दिवशी विनीता मॅडम आल्या. प्लेटा गुलाबी झाक मारत होत्या. मॅडमनी एका खाचेत बोट फिरवलं.

"हे लाल काय आहे?"

"खंडेनवमीचं कुंकू," काका म्हणाले.

मॅडमनी सवयीने ते बोट कपाळाला लावलं, डोळे क्षणभर मिटले, आणि खाचेत खोली मोजायचा गेज घातला. काही खाचा उथळ निघाल्या, त्या पुन्हा कापता आल्या असत्या. बाकीच्या खोल गेल्या होत्या, आणि कापलेलं पोलाद परत चिकटवायची सोय अजून निघालेली नाही.

"पुसायचं ना आधी," मॅडम म्हणाल्या.

"पुसलं नाही म्हणून तर हे तुमच्यापुढे उभे आहेत," काकू म्हणाल्या.

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काका ठणठणीत होते. पण ड्रॉइंगमध्ये काका कुठेच दाखवलेले नव्हते.

सगळ्या प्लेटा नापास झाल्या. नांदेडचं काम हैदराबादला गेलं. दिवाळीनंतर काकांनी मशीन विकलं. सटवाजी आता उदगीरला एका फर्निचरच्या दुकानात प्लायवूड कापतो.