कुसुममावशीचे शेअर

गळिताचा हंगाम सुरू झाला की बारामतीच्या संध्याकाळी मळीच्या आंबूस-गोड वासानं जड होऊन जात. नव्वदच्या दशकातल्या अशाच एका हिवाळ्यात पूर्वेकडच्या देशांची चलनं एकामागून एक कोसळत होती, आणि दवाखान्यातून दमून आलेली माझी आई, पांढरी साडीही न बदलता, उंबऱ्यातल्या मावळत्या उजेडात शेअरबाजाराचं पान उघडून बसायची. ती परिचारिका होती. पगारातून उरेल त्यातून शेअर घेणारी आमच्या नात्यातली ती पहिलीच बाई. आणि तिच्या शब्दावर विसंबून तिची मावसबहीण, इंदापूरची कुसुममावशी, हिनंही शिवणयंत्रावर मिळवलेली सारी शिल्लक त्यातच घातली होती. मावशीला नवरा नव्हता. तिच्या मुलीला, सुनीताला, येत्या जूनमध्ये नर्सिंगला घालायचं होतं.

एका रविवारी मावशी एसटीनं आली. ‘जयभीम आक्का’ म्हणाली, पाणी प्यायली आणि सरळ विषयाला आली.

“ते थायलंड कुठं हाय मला ठावं न्हाय. तितं पडलं तर माझं हितं का कमी व्हतंय? काढू का ठिवू, तेवढं सांग.”

आईनं शेअरबाजाराचं पान पुन्हा उघडलं, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि मिटून ठेवलं. रुग्णांना, शेजाऱ्यांना, आम्हा सगळ्यांना धीर देणारी ती बाई त्या क्षणी मला प्रथमच निराधार दिसली.

“मला सांगता येत न्हाय, कुसुम,” ती म्हणाली. “उद्या वर जाईल, न्हायतर आणखी खाली.”

“तू काय करणार?”

“मी ठिवणार. माझा पगार चालू हाय, मला थांबता येतं. तुझा जून थांबणार न्हाय. तू काढ.”

मावशीनं तोट्यात विकलं. सुनीताचा प्रवेश झाला.

वर्ष-दीड वर्षानं बाजार सावरला आणि तेच शेअर पूर्वीपेक्षाही वर गेले. आईला मात्र आनंद होईना. एके दिवशी मला बरोबर घेऊन ती इंदापूरला गेली, ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कुसुमला कळू नये म्हणून. मावशीनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं, सगळं ऐकून घेतलं आणि मोकळेपणी हसली.

“वर गेलं व्हय? बरं झालं, तुझं तरी ऱ्हायलं. मी विकलं त्या दिवसापास्नं पान बघायचंच सोडलं बघ.” मग तिनं कपाटातून सुनीताचा गणवेशातला फोटो काढून आईच्या हातात दिला.

परतीच्या एसटीत दोन्ही बाजूंनी तुऱ्यावर आलेला ऊस उन्हात रुपेरी होऊन डोलत होता. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला बहिणीबद्दल हळहळ वाटत होती की तिचा हेवा, हे तेव्हा मला विचारवलं नाही. आणि आता, माझ्या स्वतःच्या शेअरच्या आकड्यांकडे पाहत बसते तेव्हा वाटतं, तिलाही ते सांगता आलं नसतं.