गायकवाडकाकांची चौकी

गायकवाडकाकांच्या लेकीचा, प्रेरणाचा मेसेज आला तेव्हा मी बहारीनमधल्या अदलियातल्या ऑफिसात होतो. 'बाबा इज नो मोअर, अंकल.' दोनदा वाचला, तरी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या बाबांबद्दल लिहिते आहे. काका तर आदल्याच संध्याकाळी जुफैरमध्ये, माझ्या शेजारच्या फ्लॅटच्या दारात, त्यांच्या चौकीवरून माझ्याशी वाद घालत उभे होते...

चौकी म्हणजे लडाखकडची, आता ओस पडलेली लष्करी चौकी. फौजेतून निवृत्त होऊन काका बहारीनला एसी मेंटेनन्सला आले, पण गप्पांत राहत होते त्या चौकीतच. आधी तिथे व्यापाऱ्यांच्या खेचरांचा तळ होता, मग फौजेने दगडी भिंती घातल्या, पुढे नवा रस्ता झाला आणि चौकी मागे पडली, हा इतिहास मला तोंडपाठ झाला होता. 'आमची चौकी' असं म्हणत, की जणू सातबारा त्यांच्याच नावावर असावा. अस्थी तिथेच न्यायच्या, असंही त्यांनी लेकीला बजावलं होतं.

म्हणून अस्थी न्यायला बहारीनला आलेल्या प्रेरणाने माझ्यासमोरच त्यांच्या युनिटमधल्या पवारांना फोन लावला. पवार बुचकळ्यात पडले. "आमची कसली, पोरी? ती आमच्या आधीच बंद पडलेली. बर्फात वाट चुकलो, म्हणून एक रात्र काढली तिथं. आधीच्यांनी जाताना तांदूळ, सरपण, काडेपेटी ठेवलेली. त्यावर जगलो."

एकच रात्र. मला काकांचा रागच आला. इतकी वर्षं आम्हाला गंडवलं? की ज्यांनी ती काडेपेटी ठेवली, त्यांचा सगळा इतिहासच काकांनी आपला मानला? अजूनही उमगत नाही. प्रेरणा विचारत होती, "सो, डू वी गो, अंकल?" मला आठवलं, सुट्टीवर गावी जाताना काका किल्ली माझ्याकडे देत आणि पुसलेल्या ओट्यावर तांदूळ, डाळ, काडेपेटी मांडून जात. "काका, मागे येणार कोण?" मी चिडवायचो. "कोणी पण येईल. इंशाल्ला, उपाशी नाही राहणार."

"घेऊन जा त्यांना," मी प्रेरणाला म्हटलं. बरोबर सांगितलं की नाही, कोण जाणे. ती जाऊन आली. भिंती आहेत, छप्पर नाही, एवढंच म्हणाली.

परवा मी सुट्टीवर निघालो. टॅक्सी खाली उभी होती. ओटा पुसला, तांदूळ, डाळ, काडेपेटी मांडली, कुलूप लावलं आणि किल्ली काकांकडे ठेवायच्या सवयीने शेजारची बेल वाजवली. दार एका अनोळखी मुलीने उघडलं. मी किल्ली पुढे केलेलीच होती.