बोस्नियाचा आठ नंबर आणि आमचे मिस्त्री

आमच्या शेजारच्या मिस्त्रींइतका एका जागी न ठरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल, आणि अशा माणसाला मी एका मथळ्यापायी घरी बसवलं. मी दिग्रसच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. 'उतारा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका' हे वाक्य वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. ते विद्यार्थ्यांसाठी असतं.

मिस्त्री जिनिंग फॅक्टरीत फिटर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर त्यांचा असा हात, की रोलर आणि सुरी यांच्यातलं अंतर ते डोळ्यांनी नाही, कानांनी जुळवत. पण हे झालं पोटापाण्याचं. त्यांचं खरं काम म्हणजे बोस्नियाच्या एका फुटबॉलपटूची काळजी वाहणं. हा गडी आठ नंबरचा शर्ट घालून मैदानाच्या मधल्या भागात खेळायचा. त्याचं आडनाव मिस्त्रींना उच्चारता येत नसे आणि मला येतं असं मी भासवत असे. म्हणून आमच्यात तो 'आपला आठ नंबर' होता. मिस्त्रींनी त्याला केबलवर एकूण अकरा मिनिटं पाहिलं होतं. बाराव्या मिनिटाला भारनियमन सुरू झालं. एवढ्याशा दर्शनानं कुणाचा कुणावर जीव जडतो, हे आमच्या मंडळींना पटेना. "आपलं तर पोहे खाताना पाच मिनिटांत जमलं," मी म्हणालो. "म्हणूनच सांगून राह्यली," ती म्हणाली.

त्या अकरा मिनिटांत आठ नंबरनं एकही गोल केला नव्हता, आणि मिस्त्रींना नेमकं तेच आवडलं होतं. "सर, गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येते. पण बॉल त्याच्यापाशी आणून कोणं देला? पाय कोणाचे दुखते?" तरुणपणी ते स्वतः गावच्या टीममध्ये अशाच मधल्या जागी खेळत, आणि नंतर बहुधा त्यांना कोणी शिट्टी वाजवून खेळ संपल्याचं सांगितलंच नसावं. लग्नाच्या पंगतीत ते जेवायला बसल्याचं कोणी पाहिलेलं नाही. चुलाण आणि पंगत यांच्या बरोबर मध्ये उभे राहून ते वरणाच्या बादल्या इकडून घेत, तिकडे देत. एकदा त्यांनी मागे न पाहता एक बादली सरकवली, ती थेट व्याह्यांच्या धोतरावर गेली. "पास बराबर होता," मिस्त्री म्हणाले, "घेणाराच उभा राह्यला तर मी काय करू?"

आठ नंबरनं क्लब बदलल्याची बातमी मी सायबर कॅफेतून आणली, की मिस्त्री फॅक्टरी बदलत. तो बेल्जियमला गेला, तेव्हा हे कळंबला गेले. तो तुर्कस्तानात गेला, हे लोहाऱ्याला. तिथे त्याचा गुडघा दुखावला तर हे महिनाभर पायरी चढताना भिंत धरत. तो मायदेशी परतला आणि त्याच आठवड्यात मिस्त्रींची लोखंडी पेटी दिग्रसच्या एस.टी. स्टँडवर उतरली. एकदा मिस्त्रींच्या घरच्या भाभी आमच्या हिला म्हणाल्या, "बाई, त्या बोस्नियावाल्याच्या बीवीचा पत्ता भेटते काय? तिले विचारते, तू कशी निभावून राह्यली म्हणून."

हे सगळं हसण्यावारी नेण्याचे दिवस मात्र राहिले नव्हते. कापसाचं गणित बिघडलं होतं. फाटकाशी कापसाच्या बैलबंड्यांची रांग दिसत नव्हती, एकेका जिनिंगला कुलूप लागत होतं, आणि पन्नाशीला टेकलेल्या फिटरनं आता नोकरी सोडली तर दुसरी मिळेल, असं कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

अशा दिवसांत एका संध्याकाळी सायबर कॅफेत मला मथळा दिसला, आपला आठ नंबर निवृत्त झाल्याचा. पुढचं वाचणार तोच वीज गेली. मी घरी येता येता कुंपणावरूनच बातमी दिली.

"झालं त्याचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी फॅक्टरीच्या शेटजींच्या हातात काम सोडल्याची चिठ्ठी ठेवली, आणि दुपारी मी बातमी पूर्ण वाचली. तो फक्त देशाच्या संघातून निवृत्त झाला होता. क्लबकडून खेळणार होताच.

मी धावत गेलो. मिस्त्री ओट्यावर बसले होते. बसलेले मिस्त्री मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. ते उभ्यापेक्षा बरेच लहान दिसत होते. मी चूक सांगितली आणि त्यांच्या हातातल्या पान्ह्याच्या टप्प्याबाहेर सरकलो.

"म्हणजे तो अजून खेळून राह्यला?"

"हो."

"मंग मी कायले बसलो?" म्हणत त्यांनी चपला घातल्या.

फॅक्टरीत मी शेटजींना जागतिक फुटबॉलची व्यवस्था समजावून सांगितली. शेटजींनी सगळं ऐकून घेतलं, ती चिठ्ठी टेबलावर हातानं सरळ केली आणि मिस्त्रींकडे न पाहता म्हणाले, "सर, संक्रांतीनंतर मले मशीनी बंदच करा लागते. यानं आपणहून चिठ्ठी देली म्हणून सुटलो. कोण्या तोंडानं याले जा म्हणणार होतो मी?"

परत येताना मिस्त्री माझ्या पुढे चार पावलं चालत होते. वळून म्हणाले, "मनाले लावून घेऊ नका. मले मालूम होतं. कापसाबिगर खाली चालणाऱ्या मशीनचा आवाज लपते काय? तुमच्या बातमीनं निस्ता बहाना देला." हे खरं होतं, का मला सोडवायला त्यांनी बॉल अलगद माझ्या पायाशी आणून दिला होता, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पंधरा दिवसांत आदिलाबादच्या एका जिनिंगमधून बोलावणं आलं, एका हंगामापुरतं. भाभींनी पेटी भरली. आम्ही दोघं त्या दोघांना पोचवायला स्टँडवर गेलो. गाडी लागली तरी मिस्त्री आत बसले नाहीत. कोणाचं गाठोडं खालून घेऊन वर दे, कोणाची पिशवी खिडकीतून आत दे, असं चाललं होतं. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा ते दारातल्या पायरीवर उभे होते.

त्या संध्याकाळी सवयीनं मी सायबर कॅफेकडे निघालो. शेजारच्या घराचं कुलूप पाहून थबकलो. ही दारातच उभी होती.

"त्या बोस्नियावाल्याचं पुरे झालं आता," ती म्हणाली. "आदिलाबादवाल्याची काही बातमी येते काय, ते पाहा."