बोसनकाकांचा पिवळा बावटा

मिरजोळ्यात राहायला आलो त्याच आठवड्यात मी शेजारच्या गुरुप्रसाद शिवलकरांकडे ओळख करून घ्यायला गेलो. फाटकाला हात लावला आणि अशी शिट्टी वाजली की समोरच्या फणसावरचे कावळे उडाले ते थेट अंजनवेलच्या किल्ल्यावर जाऊन बसले असावेत. आतून गळ्यात शिट्टी अडकवलेले, दीपस्तंभाएवढे एक गृहस्थ आले. गेल्या आठ दिवसांत माझ्यावर कोण कोण शिंकलं याचा त्यांनी फाटकाबाहेरच जबाब घेतला, मग नळाखाली माझे हात इतके धुवायला लावले की आयुष्यरेषा दोन पेरं आखूड झाली. शेवटी म्हणाले, "आता या. पण नातीला लांबून बघायचं."

नात राही, सव्वा वर्षाची. बाप बोटीवर, आई राजश्री लांज्याच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे दिवसभर पोर आजोबांच्या ताब्यात. आजोबा व्यापारी जहाजावरचे निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. वाडीत सगळे त्यांना बोसनकाका म्हणत. समुद्री चाच्यांवर पाण्याचा पाइप रोखून उभा राहिलेला हा माणूस डास दिसला की पांढरा पडायचा. करवंट्या, फुटके डबे, जुने टायर, जिथे चमचाभर पाणी साचेल ते सगळं पालथं घालत ते वाडीभर फिरत. पिण्याचं पाणी तर इतकं उकळत की पाण्यालाच ताप आल्यासारखं वाटे.

यावर कडी म्हणजे बावटा. जुन्या काळी साथ असलेलं जहाज पिवळा बावटा लावून बंदराबाहेर थांबायचं, म्हणून काकांनीही फाटकावर बांबू रोवला होता. राहीला जरा तापाची कसर आली किंवा वाडीत कुणी खोकलं, की बावटा वर. मग कुणी आत यायचं नाही. दूधवाला पिशवी कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवून जायचा. समोरची दीपाली म्हणायची, "काका, रोज हळदीचं घर वाटतं तुमचं. एकदा नवरी तरी दाखवा."

"तुझी दोन पोरं नाकं पुसायला शिकली की दाखवतो," काका म्हणायचे.

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळीच बावटा चढला. कुणी लक्ष दिलं नाही. दुपारी शिट्टी वाजू लागली. तीही रोजचीच, मांजरासाठीसुद्धा वाजायची. दीपाली ओटीवरून मला म्हणाली, "डास घुसला वाटतं. आता त्याचाही जबाब घेतील."

शिट्टी वाजत राहिली. मग तिचा सूर फाटला. नुसती फुसफुस ऐकू आली आणि काका फाटकाशी दिसले. तोंडात शिट्टी होती, पण फुंकायला छातीत वारा नव्हता. खांद्यावर राही होती आणि तिचा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

दीपाली धावली आणि सवयीने फाटकाशी थबकली. "काका, बावटा..."

"बावटा गेला चुलीत. आत ये गो."

पोरीला सकाळपासून उलट्या आणि जुलाब. काकांनी मीठसाखरेचं पाणी पेलाभर पाजलं, ते ओकली. परत ओकेल या भीतीने त्यांनी पाणीच बंद केलं. आता डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. रडायला तोंड उघडत होती, पण डोळ्यांत थेंब नव्हता. दीपालीने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटत आलं होतं.  तिने काकांकडे वळून विचारलं,

"शू कधी केली?"

"सकाळी. बहुतेक सकाळीच."

दीपालीने घरातून ओआरएसचं पाकीट आणून कालवलं. मी गाडी काढली. मागे काकांच्या मांडीवर राही, शेजारी दीपाली सांगत होती, "पेला नाही, चमचा. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं, परत चमचा. बंद नाही करायचं." जहाजाचे दोर ओढलेल्या हातांनी काका चमचा पुढे नेत होते. तो राहीच्या इवल्या दातांवर टकटक वाजत होता. पुढे एमआयडीसीचा ट्रक आडवा लागला होता आणि आरशात काकांचं तोंड मला बघवत नव्हतं.

"श्वास चाललाय ना गो? नीट बघ. मी सगळं उकळलं होतं."

"चाललाय, काका."

"परत बघ."

दवाखान्यात शीर सापडेना. तिसऱ्या जागी सुई टोचली आणि सलाईन सुरू झालं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जुलाबाच्या लसीचे, रोटाव्हायरसचे डोस झाले होते का.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "पहिला झाला. पुढच्या वेळी केंद्रावर पोरं खोकत होती. म्हणून बाहेरूनच परत आणली. मग राहूनच गेलं."

  काका खाटेची कड धरून उभे होते आणि दर थेंबाला त्यांचे ओठ हलत होते.

दिवेलागणीच्या सुमारास राहीने डोळे उघडले, हातातली सुई पाहिली आणि भोकाड पसरलं. गालावरून पाणी ओघळलं. "आलं," एवढंच म्हणून काका बाकावर बसले आणि तिच्याहून मोठ्याने रडू लागले. राजश्री लांज्याहून धावत पोचली तेव्हा कुणाला आधी गप्प करावं हे तिला कळेना.

राही शुक्रवारी घरी आली. राहिलेल्या लसींसाठी राजश्रीने रजा टाकली आणि ती स्वतः केंद्रावर गेली. बावट्याने ती आता गॅसची शेगडी पुसते.