मख्ख चेहऱ्याचा ऑर्विल

ऑर्विल स्टॅम्बॉ वाईट माणूस नव्हता हो, फक्त तोंडाला कुलूप. अमेरिकेतल्या रेडिंग गावी मोज्यांच्या गिरणीत त्यानं जन्मभर यंत्रं दुरुस्त केली आणि सुट्टीच्या दिवशी चांदीच्या जुन्या अर्ध्या डॉलरांमागे हिंडला. दोनशे वर्षांपूर्वी टाकसाळीत नाणी पाडायचे ठसे हातानं घडवायचे, त्यामुळे एकाच सालची नाणीही सारखी नसत. कुठे तारा सरकलेला, कुठे शून्य वर चढलेलं. नवा ठसा जो पहिल्यांदा दाखवील, त्याचं नाव नाणेवाल्यांच्या पुस्तकात कायमचं लागतं. ऑर्विलला तेवढंच हवं होतं.

आणि मिळतही होतं की! एका नाणेबाजारात १८२७ च्या नाण्यावर त्याला कुणीच न नोंदलेला ठसा दिसला. अशा वेळी चेहरा मख्ख ठेवायचा आणि सोबत दोनचार फालतू नाणी उचलायची, म्हणजे विकणाऱ्याला सुगावा लागत नाही. ऑर्विलनं तसंच केलं. इथवर ठीक. पण घरी आल्यावरही ह्या बाबाचा चेहरा मख्खच! आता बोललो तर सगळे शोधत सुटतील, आधी तसलंच दुसरं नाणं हाती लागू दे, मग सांगू, असं म्हणत वर्षं घालवली.

बायको व्हर्ना अंथरुणाला खिळली होती. एकदा तिनं विचारलं, "एवढं काय रे बघतोस त्या नाण्यांत? मला तरी सांग."

"काही नाही गं. सगळी सारखीच," हा म्हणाला. त्याच हिवाळ्यात ती गेली.

परवा अग्निशमन केंद्राच्या तळघरात नाणेवाल्यांच्या मंडळाची सभा होती. भिंग कसं धरायचं हे ऑर्विलकडूनच शिकलेला ग्लेन युट्झी उठला आणि त्यानं नवा ठसा जाहीर केला. तोच. टाळ्या पडल्या, कॉफी फिरली. ऑर्विलनं खिशातून आपलं नाणं काढून ग्लेनपुढे ठेवलं.

ग्लेननं ते भिंगाखाली धरलं. "अरे, हे तर माझ्याहून छान आहे. कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"व्हर्ना होती तेव्हापासून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आता काय, कुणीही उठून असं म्हणेल. ग्लेनला मात्र खरंच वाईट वाटलं. एका माणसानं जरी आधी पाहिलं असेल तरी मी माझं नाव मागे घेतो, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं.

"आठव ना," तो म्हणाला. "कुणाला दाखवलं होतंस का? निदान व्हर्नाला?"

"तिनं विचारलं होतं," ऑर्विल म्हणाला आणि त्यानं नाणं परत खिशात टाकलं.