जायचा कागद

"कागद घेतला का?"

आमच्या जर्सी सिटीच्या इमारतीतून कुणी बॅग घेऊन निघालं, की लॉबीतल्या डेस्कमागून दरवान काकांचा हा प्रश्न यायचाच. एकदा मी मळके कपडे सुटकेसमध्ये कोंबून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत निघालो होतो.

"काका, लाँड्रीला कसला कागद?"

"परत यायचंय ना साहेब? मग विचारलेलं बरं."

काका मूळचे नेपाळचे. पुण्यातल्या एका हॉटेलात बारा वर्षं काढल्यामुळे त्यांचं मराठी माझ्या मुलांपेक्षा चांगलं. आम्हा व्हिसावाल्यांच्या तारखा त्यांना तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस मी विसरलो तेव्हाही त्यांनीच आठवण करून दिली, पण आधी व्हिसाची.

त्यांचं स्वतःचं प्रकरण वेगळं होतं. नेपाळात मोठा भूकंप झाला तेव्हा ते इथे होते. अशा लोकांना सरकारने तात्पुरतं राहू दिलं, आणि ते तात्पुरतं दहा वर्षं चाललं. राहा, काम करा. पण आधी परवानगी न घेता देशाबाहेर गेलात, तर ही सवलत हातची जाऊ शकते. म्हणून ते कधी गेलेच नाहीत.

त्यांची आई नेपाळहून दर रविवारी फोनवर "कधी येतोस?" विचारायची. मग तिने अंथरूण धरलं आणि विचारायचं सोडलं. काकांनी त्याच आठवड्यात अर्ज केला.

परवानगी आली त्या दिवशी मी पेढे नेले. काकांनी मला त्या कागदाची शेवटची ओळ वाचायला लावली. परत आल्यावर आत घ्यायचं की नाही, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवणार होता.

"आई तिकडे. बायको, मुलगी इकडे. मधे अधिकारी," काका म्हणाले. "पेढा छान आहे."

ते नेपाळला गेले त्याला आता पाच महिने झाले. रजा सहा आठवड्यांची होती.

निघताना त्यांची बॅग मीच गाडीत ठेवली. काकू स्टीअरिंगवर बसल्या होत्या. मुलगी शाळा बुडवून आली होती आणि वडिलांच्या कोटाची बाही सोडत नव्हती.

"बरं साहेब, जातो."

"काका, पुण्यात राहिलात ना? जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

त्यांनी चष्मा लावला, खिशातला कागद उघडला आणि सावकाश शेवटपर्यंत वाचला.

"यात फक्त जातो लिहिलंय, साहेब."

मला हसू आलं नाही. त्या कागदाचा भयंकर राग आला. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्या वतीने मीच फुटपाथवर उभा राहून "येतो, येतो" म्हणत होतो.