दुपंखे काका

दुपंखे काका कुठलीही वस्तू हातात आली की आधी दोन बोटांवर तोलून पाहत. पपई असो, छत्री असो, नाही तर माझं हेल्मेट असो; दोन्ही हातांची तर्जनी खाली लावायची, वस्तू कुठे झुकते ते बघायचं आणि निकाल द्यायचा. शेजारच्या एका बारशाला त्यांनी बाळालाही असंच तोलायचा प्रयत्न केला, तेव्हा बाळाच्या आजीने ते त्यांच्या हातून हिसकावून घेतलं. काका जराही ओशाळले नाहीत. "डोक्याकडून जड हाये," ते म्हणाले. "चांगलं हाये. शेपटीकडून जड असतं तर फिकीर होती."

दुपंखे हे त्यांचं आडनाव नव्हतं. सिंदी रेल्वेच्या बँकेत मी नोकरीला लागलो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो, तेव्हा मलाही ते आडनावच वाटलं होतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा त्याच नावाने यायच्या. खरी गोष्ट अशी की काकांना हातातल्या रेडिओच्या रिमोटने उडवायच्या छोट्या विमानांचं वेड होतं आणि त्यातही एकावर एक असे दोन पंख असलेलं विमानच त्यांना विमान वाटे. "एक पंख म्हणजे गरज. दोन पंख म्हणजे शान," असं ते मला पहिल्याच दिवशी, घरभाडं सांगायच्या आधी म्हणाले होते.

खाली भांड्यांचं दुकान होतं. ते काकू चालवायच्या. काका दुकानात बसायचे. गल्ल्यामागे देवाची तसबीर, काकांच्या वडिलांची तसबीर आणि दोहोंच्या मधोमध एका खोक्याचं झाकण फ्रेम करून लावलेलं. त्यावर ढगांतून झेपावणारं पिवळं दुपंखी विमान. काकूंचा भाऊ जहाजावर नोकरीला होता. काकांच्या तरुणपणी त्याने ते खोकं परदेशातून आणलं होतं. नवीन गिऱ्हाईक कधीकधी तिन्ही तसबिरींना हात जोडायचं. मधला नमस्कार काका स्वतः स्वीकारायचे.

काकूंना त्या खोक्याचा पहिला दिवस चांगला आठवत होता. "वर विमान, अंदर काड्या," त्या सांगायच्या. "म्हटलं माह्या भावाले फसवलं कोनीतरी."

काका हे ऐकून खूश होत, कारण त्यांना इतिहास सुरू करायला एवढंच लागे. कुकरचं रबर घ्यायला आलेल्या बाईलाही तो ऐकावा लागे. तेव्हाच्या खोक्यात आयतं विमान नसायचंच. हलक्या लाकडाच्या पट्ट्या, एक मोठा नकाशा, बस्स. एकेक फासळी कापायची, घासायची, चिकटवायची आणि मग सांगाड्यावर रेशीम ताणून बसवायचं. त्याही आधीच्या रेडिओला म्हणे एकच बटण असे. एकदा दाबलं तर विमान एकीकडे वळे, दोनदा दाबलं तर दुसरीकडे. "आन् किती खेप दाबलं हे इसरला तं गेलं विमान!" असं म्हणून काका त्या बाईकडे अशा नजरेने पाहत, जणू तीच विसरली होती. हल्लीच्या तयार, फोमच्या विमानांना ते थर्माकोल म्हणत. "ते लग्नाच्या स्टेजले लावाचं."

त्या काड्यांचा सांगाडा काकांनी तरुणपणीच पुरा केला होता. मग दुकान वाढलं, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली आणि सांगाडा वर्षानुवर्षं कोठीत छताला टांगून राहिला. मी राहायला गेलो त्या सुमारास त्यांनी तो पुन्हा खाली काढला. आता रेशमाऐवजी पातळ पिवळी फिल्म मिळते, ती इस्त्रीने चिकटवायची असते. इस्त्री घरात एकच. काकूंच्या दोन साड्यांवर पिवळे डाग पडले. छोटं इंजिन बसलं. त्याच्या इंधनात एरंडेल असतं हे कळल्यावर काकू म्हणाल्या, "चला, विमानाचं पोट तरी साफ राहीन."

त्यानंतर दर रविवारी आम्ही विमान घेऊन गावाबाहेर जाऊ लागलो. सोयाबीन निघालेलं एक रिकामं शेत होतं, बाजूला तूर उभी. काका विमान जुळवत, दोन बोटांवर तोलत, आकाशाकडे पाहत आणि म्हणत, "वारा बराबर नाई." मग आम्ही डबा खाऊन परत. पुढचा रविवार, वारा बराबर नाई. एकदा तर झाडाचं पानही हलत नव्हतं. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, "वरती हाये. तुले दिसत नाई."

मग एका रविवारी त्यांनी बोट वर केलं. "पाह्य बाबू, घार कशी एका जागी ठेवली देवानं. पंखसुद्धा हालवत नाई." मी पाहिलं. विजेच्या तारेला अडकलेली प्लास्टिकची पिशवी होती.

घरी आल्यावर मी काकूंना सांगितलं. पुढच्या रविवारी त्या डबा घेऊन स्वतःच आल्या. काका "वारा..." म्हणताच त्या म्हणाल्या, "वारा मी पाहते. तुमी उडवा."

काकांना नाही म्हणता येईना. इंजिन सुरू झालं, विमान शेतालगतच्या पांदणीच्या वाटेवरून धावलं आणि खरंच उडालं. मी ओरडलोच. काका मात्र रेडिओ घट्ट धरून भलत्याच दिशेला पाहत होते.

"कोठं हाये वं?"

"वर हाये. अजून कोठं राहीन?"

"कोनीकडं वळून राह्यलं?"

"डावीकडं."

"कोनाच्या डावीकडं? माह्या का विमानाच्या?"

"विमानाले काय मी जाऊन विचारू?"

प्रश्न मात्र रास्त होता. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. विमान तुरीवर तिरपं होऊ लागलं तसं काकूंनी डावं-उजवं सोडून दिलं. "निंबाकडं घ्या! आता विहिरीकडं! अवो, रेल्वेकडं नका जाऊ, गाडी येते!" गावाच्या या खुणा काकांना पाठ होत्या. निंब, विहीर, देऊळ, पुन्हा निंब, असे चक्क फेरे झाले. काकांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि हसूही. मग इंजिन थांबलं.

"उतरलं का?" काकांनी विचारलं.

"उतरलं."

"नीट?"

"तुरीत हाये."

काका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. रेडिओ मांडीवर ठेवत म्हणाले, "मले दिसत नाई आता बराबर. मोतीबिंदू असन. डोळ्याले सुरी लावते म्हनून मी सांगितलं नाई."

"मले माहीत हाये," काकू म्हणाल्या. "डबा खाऊन घ्या. उद्या वर्ध्याले जाऊ."

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नव्या नजरेने काकांनी सगळ्यात आधी विमान पाहायला मागितलं. मी ते समोर ठेवलं. काका पाहतच राहिले. फिल्मला भाजलेल्या पापडासारखे फोड होते. वरच्या पंखावरचा लाल पट्टा नागपूरकडे निघाला होता, खालच्या पंखावरचा वर्ध्याकडे.

"हे कोनं केलं?"

"तुमीच," काकू म्हणाल्या.

"असं वाकडं? आन् तू पाहून राह्यली होती? सांगितलं काऊन नाई?"

"तुमी खुश होते."

संध्याकाळी काकांनी सगळी फिल्म ओरबाडून काढली. आत तरुणपणीचा सांगाडा होता. मी तो तोपर्यंत नीट पाहिलाच नव्हता. सगळ्या फासळ्या एकसारख्या, सांध्यात कुठे नख जाणार नाही. काका त्यावर नवी फिल्म चढवू लागले, घाई न करता, चष्मा पुसत पुसत. दरम्यान माझी बदली झाली.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता काका गेले. मी भेटायला गेलो तेव्हा विमान गल्ल्याच्या वर टांगलेलं होतं. वरचा पंख पिवळा, तुकतुकीत, कुठे सुरकुती नाही. खालचा उघडाच राहिला होता, नुसत्या फासळ्या. मी काकूंना म्हटलं, नागपूरला हे काम करणारे एक जण माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून पुरं करून आणू का?

काकू एका गिऱ्हाइकाला डबे दाखवत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"नको बाबू. झाकलं का मंग अंदरचं काम कोनाले दिसन?"

आणि मग त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "आमच्या ह्यायनं केलं हे. पाहा ना, किती सरळ हाये."